चौसष्ट ठोक्यांचा मास्टर

आज फार उकडतंय, असं अण्णांसमोर कुणी म्हटलं की ते शांतपणे विचारायचे, "कशाच्या मानानं?" त्यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी असायची. कालच्या मानानं, चेन्नईच्या मानानं की भट्टीच्या मानानं, हे एकदा कळलं की ते "सरी", कानडीतलं बरं, म्हणून मान डोलवायचे आणि मग उकडतंय हे त्यांनाही मान्य असायचं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या बायकोनं त्यांना सांबार नेऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी चांगलं झालं होतं का म्हणून विचारलं. उत्तर काय आलं ते सांगायला नको. ती वर येऊन म्हणाली, "घर चांगलं आहे. मालकाला मात्र यापुढे काही विचारायचं नाही."

अण्णा आमचे घरमालक. इंदिरानगरच्या एका आतल्या क्रॉसवर, म्हणजे आडगल्लीत, त्यांचं घर. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं. आजूबाजूच्या बहुतेक घरांची कॉफीची दुकानं झाली होती आणि समोरच्या घराची काचेची जिम. नाव त्यांना होतं, पण पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे अण्णाच म्हणत. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे अण्णांची मराठी आमच्या मराठीची मावसबहीण वाटायची. चेहरा ओळखीचा, दागिने कानडी. मी सांगलीचा. एका सरकारी कारखान्यात कॉस्टिंगला नोकरी, म्हणून इथं आलो. अण्णा मला पुणेकर म्हणत. मी सांगलीचा आहे असं कितीही वेळा सांगितलं तरी "मिरज ओलांडली की सगळं पुणंच," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा मी नकाशा काढून दाखवला, तर नकाशा कुठल्या साली छापलाय ते त्यांनी विचारलं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. त्यांचं उभं आयुष्य पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेज रूममध्ये गेलं. कारखान्यात सुटे भाग मोजायला जी साधनं वापरतात, ती साधनंच बरोबर आहेत का हे जिथं तपासतात, ती गेज रूम. म्हणजे मोजणाऱ्यांना मोजणं हे अण्णांचं काम. तिथं बरोबर निघालेल्या साधनाला हिरवी चिकटपट्टी, दुरुस्तीला जाणाऱ्याला पिवळी आणि बाद झालेल्याला लाल लावायची पद्धत होती. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. अण्णा चिकटपट्ट्यांची रिळं घेऊन आले.

आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला त्यांनी पिवळी लावली. भिंतीवरच्या घड्याळाला लाल. डॉक्टरकडे गेले की दंडाला पट्टा बांधायच्या आधी ते रक्तदाबाच्या यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारत. डॉक्टरला सांगता आलं नाही, की आलेला आकडा ते फक्त माहितीसाठी ऐकून घेत.

व्यायाम मात्र त्यांचा लहानपणापासून एकच. जुन्या पेठेतल्या गरडीत, म्हणजे आपल्याकडे तालीम म्हणतात तिथं, उस्तादानं त्यांच्या हातात लाकडी जोडी दिली होती. दोन हातांत दोन मुद्गल घेऊन ते डोक्यामागून, खांद्यावरून फिरवायचे. सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली तरी अण्णा रोज सकाळी अंगणात जोडी फिरवत. वजन कमी केलं होतं, लय तीच होती. तोंडानं "ओंदु, एरडु" असं मोजणं चाललेलं असायचं. समोरच्या जिममधली पोरं पट्ट्यावर धावता धावता त्यांच्याकडे बघत आणि अण्णा त्या पोरांकडे, तपासणीला आलेल्या मालाकडे बघावं तसं बघत.

एका सकाळी जोडी फिरवताना त्यांना चक्कर आली आणि ते तुळशीच्या कट्ट्याला धरून खाली बसले. दवाखान्यात दोन रात्री काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की व्यायाम करा, पण नाडी एकशेवीसच्या वर जाता कामा नये. त्यांची एकुलती मुलगी रेणुका मेलबर्नला शाळेत गणित शिकवते. तिनं तिथून मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलं. व्यायाम चालू असताना ते हृदयाचे ठोके मोजून ठेवतं आणि तिच्या फोनवर पाठवतं. सोबत अटही पाठवली. वडिलांना ती अप्पा म्हणते. आकडा एकशेवीसच्या आत राहिला तर अप्पांनी खुशाल आपल्या घरी राहावं. वर जात राहिला तर घराला कुलूप आणि अप्पा मेलबर्नला.

अण्णा एकदा मेलबर्नला जाऊन आले होते. परत आल्यावर मी विचारलं होतं, कसं आहे म्हणून. "तिथं सगळंच कॅलिब्रेटेड आहे हो," ते खिन्नपणे म्हणाले. "मला काय काम?" अंगणातल्या नारळाखाली बसून मरायचं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी माझ्या बायकोला साध्या शब्दांत सांगितली होती. तेव्हा तिनंही कशाच्या मानानं वगैरे काही विचारलं नाही.

तर घड्याळ आलं. अण्णा त्याला पट्टा म्हणत. पट्ट्याच्या पोटात हिरवा दिवा लुकलुकतो आणि तो कातडीतून रक्ताची ये-जा बघतो, हे माहितीपत्रकात वाचून त्यांनी पट्टा पुन्हा खोक्यात ठेवला. तपासल्याशिवाय साधन वापरायचं नाही. आणि तपासायचं म्हणजे मास्टर पाहिजे.

मास्टर म्हणजे काय, ते मला त्यांनी तासभर समजावून सांगितलं. गेज रूममध्ये एक पोलादाचा तुकडा असतो, ज्याचं माप पक्कं ठाऊक असतं. बाकी साधनं त्याच्याशी ताडून बघायची. तो मखमलीच्या पेटीत राहतो, त्याला तेल लावतात, त्याची खोली गार ठेवतात आणि त्याला कधीही, कुठल्याही कारणासाठी, प्रत्यक्ष कामाला लावत नाहीत. कामाला लावला की झिजतो, आणि झिजला की मग कुणावरच विश्वास ठेवता येत नाही. आता हृदय मोजणारं यंत्र तपासायचं, तर ज्याचे ठोके कधी बदलत नाहीत असा माणूस हवा.

तो शोध बरेच दिवस चालला. पद्धत अशी की माणसाला खुर्चीत बसवायचं, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, मग मागून फरशीवर स्टीलचं ताट टाकायचं आणि पुन्हा मोजायची. पार्कातले निवृत्त बँक मॅनेजर ताटाच्या आवाजानं उठूनच गेले. योगासनं शिकवणारे एक गृहस्थ ताटाला बधले नाहीत, पण आपल्याला कुणी मोजतंय या विचारानंच त्यांची नाडी वाढत गेली. समोरच्या जिमचा प्रशिक्षक हसायला लागला. अण्णांनी त्याला मनातल्या मनात लाल पट्टी लावली.

मी सापडलो तो योगायोगानं. कुकरची नवी रिंग आणायला मी सलग तिसऱ्यांदा विसरलो होतो आणि बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून माझा समाचार घेत होती. मी खाली अण्णांच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. अण्णांनी हळूच माझं मनगट धरलं. ती बोलायला लागायच्या आधी चौसष्ट. बोलत असताना चौसष्ट. माझ्या आईचा उल्लेख आला तेव्हाही चौसष्ट. अण्णांनी ताट टाकलं. चौसष्ट.

"पुणेकर," ते भारावून म्हणाले, "तुमच्या आत काहीच घडत नाही हो."

"हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय," बायको वरून म्हणाली.

त्याच दिवशी माझ्या शर्टाच्या खिशावर हिरवी चिकटपट्टी लागली. वर्षानुवर्षं लेखापरीक्षकांसमोर बसून माझी नाडी अशी झाली असावी, असं माझं स्पष्टीकरण होतं. अण्णांना स्पष्टीकरण नको होतं, आकडा पुरेसा होता. एक गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. त्यांनी मला दर वेळी बसवूनच मोजलं होतं.

मग आमचा रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी मी खाली जायचं, कॉफी न पिता. चपला काढून वेताच्या खुर्चीत बसायचं. पट्टा माझ्या मनगटावर बांधायचा, दुसरं मनगट अण्णांच्या हातात. पट्टा सहासष्ट दाखवायचा, बोटं चौसष्ट. म्हणजे पट्टा दोननं जास्त दाखवतो, एवढी चूक धरून चालायची. मग तोच पट्टा स्वतःच्या हाताला बांधून अण्णा जोडी उचलायचे आणि मी कॉफीला मोकळा.

इथपर्यंत ठीक होतं. पण मास्टर म्हटल्यावर त्याची निगा आली. त्याच सुमारास माझ्या रक्तात चरबी वाढल्याचं निघालं होतं आणि रोज भरभर चाला, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मी बूट घेऊन आलो. अण्णांनी फाटकात उभं राहून मला अडवलं. मास्टर कुठं चालायला जातो का? बूट परत गेले. पुढे जिना चढण्यावरही त्यांची नजर असायची. मी जरा लगबगीनं पायऱ्या चढायला लागलो की खालून आवाज यायचा, "स्वल्प सावकाश, पुणेकर. झिजाल." भाजीची पिशवी ते मला उचलू देत नसत. ती माझी बायको उचलायची. उन्हात जाऊ देत नसत. त्यांच्या नात्यातल्या एका लग्नात त्यांनी माझी ओळख "हे आमचे मास्टर" अशी करून दिली. तिथल्या लोकांनी मी शाळेत शिकवतो असं समजून मला मुलांच्या गुणांबद्दल विचारलं.

बायकोनं एकदा अण्णांना सुनावलं की या माणसाचं पोट मखमलीच्या पेटीत मावेनासं झालंय. अण्णा म्हणाले, "अक्का, आकार वाढला तरी चालतो. माप बदलत नाही ना?"

खरी अडचण पट्टा जोडी फिरवायला लागल्यावर आली. अण्णा बसलेले असताना पट्टा सरळ वागायचा. जोडी सुरू केली की चढत चढत एकशे एकेचाळीसवर जायचा आणि तिथंच बसायचा. अण्णांना ना धाप, ना घाम. जोडी खाली ठेवून ते लगेच मानेवर बोट ठेवत तर अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी एकशे एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी एकशे एकेचाळीस. "चूक आहे," अण्णा मला म्हणाले, "पण शिस्तीची चूक आहे." त्यांनी रेणुकाला फोन करून कळवलं की जोडीच्या वेळच्या आकड्यातून त्रेचाळीस वजा करत जा.

फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून तिचं उत्तर मीही ऐकलं. "अप्पा, आपल्याला हवं तेवढं वजाच करायचं असेल तर मोजायचं कशाला?"

"पण तो आकडा खोटा आहे."

"कशाच्या मानानं?" रेणुकानं विचारलं.

अण्णांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "माझीच पोर आहे."

तिनं सुट्टी काढली आणि आली. येतानाच अण्णांचं मेलबर्नचं तिकीट घेऊन आली. रेणुका कमी बोलते आणि बोलते ते पूर्ण वाक्यात. आल्या आल्या तिनं वडिलांना जवळ घेतलं, चहा केला आणि मोठी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली. अण्णा त्या बॅगेकडे बघत बसले. त्यांच्यापुढे म्हणणं मांडायला एकच सकाळ होती आणि रेणुकाची हरकत रास्त होती. जोडी थांबवून मग मानेवर मोजता, तोवर ठोके उतरलेले असणार. फिरवत असताना किती होते, हे त्यावरून कळत नाही. आणि फिरवत असताना मानेवर बोट ठेवायला तिसरा हात कुणाकडे आहे?

त्या सकाळी अण्णा वर आमच्या दारात येऊन उभे राहिले. धुतलेला सदरा, चेहरा पडलेला. आत या म्हटलं तर आले नाहीत. मूत्रपिंड मागायला आल्यासारखे संकोचून ते म्हणाले, "पुणेकर, मास्टर कामाला लावावा लागणार."

त्यांचा हिशेब असा होता. माझी नाडी चौसष्टच्या वर जात नाही, हे सिद्ध झालेलं. पट्टा माझ्या हाताला बांधून मी जोडी फिरवायची. पट्ट्यानं तरीही एकशे एकेचाळीस दाखवले, तर तो ठोके मोजत नाही, हात मोजतोय, हे उघड होईल. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. आकड्यांत आयुष्य गेलेल्या दोन माणसांना तो बिनतोड वाटला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

अंगणात रेणुका, माझी बायको, अण्णा आणि मी. समोर जिमच्या काचेमागे काही पोरं. अण्णांनी स्वतःच्या हातानं माझ्या मनगटाला पट्टा बांधला आणि जोडी माझ्या हातात दिली. जोडी हलकी दिसते, पण डोक्यामागे गेली की तिचं वजन तिला आठवतं. अण्णा "ओंदु, एरडु" म्हणत होते आणि मी त्यांच्या मागे लागलो होतो. पहिली काही आवर्तनं बरी गेली. मग नारळाचं झाड जरा डावीकडे सरकलं. मग अंगण पिवळं झालं. जोडी तुळशीवर पडता पडता मी चुकवली आणि वेताच्या खुर्चीत कोसळलो.

"एकशे अठ्ठावन्न," रेणुका फोन बघून म्हणाली.

"बघ," अण्णा म्हणाले. "खोटं."

माझ्या बायकोनं तोवर माझ्या मानेवर दोन बोटं दाबली होती. तिचे ओठ हलत होते. तिनं मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, अण्णांकडे बघत होती. "एकशे पन्नासाच्या पुढे आहे. आणि उतरत नाहीये."

रेणुकानं दुसऱ्या बाजूनं मोजलं. तेवढेच. शेवटी अण्णांनी माझं मनगट धरलं, रोज धरत तसंच. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. पायाखालचं घर हलायला लागल्यासारखा तो दिसत होता. "मास्टर गेला," ते हळू आवाजात म्हणाले.

पुढचं सगळं सरळ होतं. पट्टा माझ्या बाबतीत खरं बोलला, म्हणजे पट्टा खरा. पट्टा खरा, म्हणजे अण्णांचे एकशे एकेचाळीस खरे. रेणुकानं हे बोलून दाखवलंसुद्धा नाही. अण्णांनीच स्वतःशी मांडलं. आयुष्यात एकदाही त्यांनी माल अडवताना कुणाचं तोंड बघितलं नव्हतं, ते आता स्वतःचं बघणार नव्हते. "सरी," ते म्हणाले. "रिजेक्ट." आणि बॅग भरायला आत निघाले. आपण हरलो असतो तर बरं झालं असतं, असं रेणुकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझी बायको मला लिंबूपाणी पाजत होती आणि तिचा संताप आता वाहायला लागला होता. नवऱ्याला महिनोन्महिने खुर्चीत ठेवून लोणचं घातलं, आता ऐन वेळी हातात मुद्गल दिले, हे सगळं ती अण्णांच्या पाठीला ऐकवत होती. आणि शेवटी म्हणाली, "माणसं कशाला पुरवायची या पट्ट्याला? बांधा आता त्या लाकडालाच, आणि बघा त्याला किती निघतायत ते."

अण्णा उंबऱ्यात थांबले.

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी करताना पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो. ते सावकाश परत आले आणि माझ्या बायकोसमोर हात जोडून उभे राहिले. "अक्का, ही शून्याची तपासणी. कामावर लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. साधनाचा जबडा रिकामा मिटायचा. मध्ये काही नसताना शून्य दाखवतंय का बघायचं. मग बाकी सगळं." त्यांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "मी मास्टर शोधत बसलो. शून्य बघितलंच नाही."

बायकोला यातलं काही कळलं नव्हतं, पण हात जोडलेले बघून तिचा राग उतरला.

अण्णांनी पट्टा माझ्या हातावरून सोडवला आणि एका मुद्गलाच्या मुठीला आवळून बांधला. हिरवा दिवा शिसवीच्या लाकडात डोकवायला लागला. अण्णांनी जोडी उचलली. ओंदु, एरडु. उस्तादानं घालून दिलेली लय, साठ वर्षांत न हललेली. रेणुका फोनकडे बघत होती. आम्ही रेणुकाकडे. काचेमागची पोरंही धावायची थांबली होती.

पट्टा आधी गोंधळला. मग त्याला काहीतरी सापडलं आणि तो चढायला लागला. नव्वद, एकशे दहा, एकशे तीस. रेणुकानं चष्मा वर ढकलला.

"अप्पा," ती म्हणाली, "लाकडाला एकशे एकेचाळीस आहेत."

अण्णांनी जोडी थांबवली नाही. फिरवता फिरवताच म्हणाले, "मग लाकडाला ने मेलबर्नला. तिकीट आहेच."

रेणुका हसायला लागली, मग तुळशीच्या कट्ट्यावर बसून रडली आणि मग उठून बॅग माळ्यावर ठेवून आली.

तरी ती गणिताची मास्तरीण. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना दवाखान्यात नेलं आणि छातीला तारा लावून, चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलं. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं ते अण्णांनी विचारलंच, आणि तिथल्या बाईंनी चक्क प्रमाणपत्र दाखवलं. अण्णा इतके खूश झाले की त्या आनंदानंच नाडी वाढते की काय, अशी रेणुकाला भीती वाटली. पण आकडा एकशेवीसच्या आत राहिला. पाठोपाठ माझ्या बायकोनं मलाही त्याच पट्ट्यावर चढवलं. माझं मध्येच थांबवावं लागलं. हृदयात दोष नव्हता. ते नुसतं वापराविना बसलं होतं. रोज चाला, आजपासून चाला, नाहीतर पुढच्या वेळी मला विचारू नका, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आम्ही रिक्षानं निघालो. उलसूरच्या सिग्नलला अण्णा म्हणाले, "न वापरता बिघडलेला मास्टर मी नोकरीत कधी बघितला नव्हता." ही त्यांची माफी होती, असं मी समजतो. संध्याकाळी ते वर आले आणि माझ्या खिशावर पिवळी पट्टी लावून गेले.

जाण्याआधी रेणुकानं निकाल दिला. अप्पांच्या जोडीला पट्टा उपयोगाचा नाही, हात फिरत असले की तो लयच मोजतो; काका, म्हणजे मी, खुर्चीत पडले तेव्हा हात थांबले होते, म्हणून तो खरं बोलला. त्यांची नाडी रोज अक्कांनी मानेवर मोजायची आणि तिला कळवायची. पट्टा काकांनी घालायचा, कारण चालताना तो बरोबर दाखवतो. आणि काकांचे आकडे अप्पांच्या फोनवरही दिसतील, म्हणजे अप्पांना काम राहील.

ते काम अण्णांनी शेवटपर्यंत केलं. मी पार्काच्या तिसऱ्या फेरीत असायचो आणि फोन यायचा, "पुणेकर, एकशे दहा. स्वल्प दमानं." जिना मी आता भराभर चढावा म्हणून ते खाली उभे राहून टाळ्या वाजवत. समोरच्या जिमच्या प्रशिक्षकाला त्यांनी एकदा बोलावून घेतलं आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा मुद्गलाला बांधून दाखवला. तो पोरगा तेव्हापासून त्यांना गुरुजी म्हणायला लागला. माझी विश्रांतीची नाडी चौसष्टवरून अठ्ठावन्नवर आली, तेव्हा अण्णांना आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. माप हललं ते हललंच.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी जोडी फिरवून ते नारळाखाली वेताच्या खुर्चीत बसले. माझी बायको नेहमीप्रमाणे मानेवर बोटं ठेवायला खाली गेली. तिला आधी वाटलं, आपणच चुकीच्या जागी शोधतोय. तिनं तीन वेळा जागा बदलली.

पट्टा मी अजून घालतो. तो नोंदवलेला आहे अण्णांच्या नावावर, अण्णांच्या जन्मतारखेसकट. बदलायचं तेव्हा राहून गेलं. नंतर मी रेणुकाला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे ना काका." आम्ही एका लग्नाला सांगलीला गेलो आणि पट्टा घरी विसरला, तेव्हा मेलबर्नहून फोन आला होता. काही विशेष नाही, ती म्हणाली, आज फोनवर काही दिसलं नाही म्हणून.

मी कॉस्टिंगचा माणूस. चुकीच्या नावावरचा आकडा मला झोपू देत नाही. हा एक देतो. दर रविवारी पट्टा माझ्या आठवड्याचा गोषवारा काढतो आणि कळवतो की ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मानानं तुमचं हृदय फारच उत्तम आहे. कशाच्या मानानं, ते यंत्रानं आपणहून सांगितलेलं बघून अण्णांनी त्याला नक्की हिरवी पट्टी लावली असती.